पूजा झालेल्या बंदुका

ज्याचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत, त्याचं नाव सोपान. तो गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, आणि खरं सांगायचं तर पहिला विचार दुःखाचा नव्हता. त्याच्या बायकोनं, रंजनावहिनींनी, आधी दुसऱ्याच कुणाला तरी फोन केला, हे मला लागलं. त्याच्या दशक्रियेला सुप्याच्या कारखान्यातले कामगार पाळी बदलून आले होते, काही तर कामाच्या कपड्यांतच. आपल्या वेळी एवढी माणसं येतील का, असं मी तिथं बसून मनात म्हणत होतो... सोपानच्या बाबतीत माझं मन कायम असंच वागत आलं.

आम्ही सुप्याजवळच्या एकाच गावचे, कॉलेजही एकच. आईवडील मजुरीला जायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षाला कॉलेजांच्या लघुपट स्पर्धेसाठी मी एक युद्धपट लिहिला. त्यातला जवान म्हणतो, मी आघाडीवर येईन, पण हत्याराला हात लावणार नाही. जखमींना तेवढा उचलून आणीन. हा जवान मी स्वतःसाठी लिहिला होता, आरशापुढे पाठही केला होता. मराठीच्या सरांनी ऐकून घेतलं आणि दाराशी बसलेल्या सोपानकडे बोट केलं. "हा उभा राहील. तू लिहिलंयस ना, तेवढं पुरे."

"सर, मला पाठ न्हाई हुत," सोपान म्हणाला.

"मग बोलणं कमी करू," सर म्हणाले आणि माझे निम्मे संवाद गेले. पुढं तालमीत मी त्याच्या नसलेल्या चुकाही काढायचो.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याचा कॅमेरा एकाच दिवसासाठी मिळाला, आणि तो दिवस निघाला खंडेनवमीचा. सुताराकडून करून घेतलेल्या, काळा रंग दिलेल्या सहा लाकडी बंदुका सोपानच्या घरी ठेवल्या होत्या. सकाळी जाऊन पाहतो तर त्याच्या आईनं, आमच्या नानीनं, विळा-कुऱ्हाडीशेजारी त्या ओळीनं भिंतीला लावलेल्या, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं.

"नानी, हे काय केलंस?"

"हत्यारं हायेत नव्हं? मग पूजा नगं व्हय?"

"अगं, लाकडाच्या आहेत त्या!"

"मग? नांगुर काय सोन्याचा अस्तोय?"

आमच्याकडं पूजा झालेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. जवान झालेल्या सहाही पोरांनी हात मागं घेतले. लढाईचा प्रसंग त्याच दिवशी घ्यायचा होता. मी ओट्यावर डोकं धरून बसलो. सोपान मात्र चहा पीत त्या ओळीकडं बघत उभा होता.

"अरं, राहू दे की बंदुका भितीला," तो म्हणाला. "माजं स्ट्रेचर बिनपूजेचं हाय. तेवढं घेऊन निगतो मी."

दोन बांबू आणि एक पोतं, एवढंच ते स्ट्रेचर. अडगळ समजून नानीनं ते कोपऱ्यात सारलं होतं. कॅमेरा सुरू झाला. सोपान दाराच्या चौकटीतून आत आला, कुंकू लावलेल्या बंदुकांसमोर थांबला, त्यांना हात जोडले आणि स्ट्रेचर खांद्यावर टाकून बाहेर पडला. संवाद एकही नाही. कॅमेरा बंद करायचं कॅमेरावाल्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्याच दृश्यावर आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. मंचावर परीक्षकांनी विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी म्हणालो, "लिहितानाच डोळ्यांसमोर होती." समोर तिसऱ्या रांगेत सोपान सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. परतताना टेम्पोत तो एवढंच म्हणाला, "लई भारी बोललास लेका." त्यात मी टोमणा शोधत राहिलो, सापडला नाही. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दृश्यामुळं मला पुण्यात सिनेमा शिकायला प्रवेश मिळाला. आज मी पटकथा शिकवतो आणि दरवर्षी पोरांना ते दृश्य दाखवतो. सोपान कारखान्यात फिटर झाला. त्याचा फोन यायचा.

"दावलं का पोरान्ला?"

"दाखवलं."

"काय म्हनली?"

"रडली दोघं-तिघं."

"मग झालं तर!"

एवढ्यावर त्याचं भागायचं. माझं कशावरच भागत नव्हतं, आणि याच गोष्टीसाठी मला त्याचा सर्वांत जास्त हेवा वाटायचा.

गेल्या वर्षी त्याला यकृताचं दुखणं लागलं. भेटायला गेलो, तर खाटेभोवती माणसंच माणसं. बोलायचं राहून गेलं. घरी येऊन पत्र लिहिलं, पोस्टात टाकलं. उत्तर आलं नाही. दशक्रियेच्या दिवशी रंजनावहिनी जवळ आल्या.

"भाऊजी, पत्र मी वाचून दावलं त्यान्ला."

"काय म्हणाला?"

"हसले. म्हनले, मला काय लिव्हतो येडा, मला ठावंच हाय. ज्यान्ला ठावं न्हाई त्यान्ला लिही म्हनावं."

इथंही तो माझ्या पुढंच निघाला... म्हणून ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते पत्र जसंच्या तसं देतो.

"सोपान,

बंदुका भिंतीला राहू द्यायचं तुला सुचलं, मला नाही. मी तेव्हा नानीवर चिडून बसलो होतो. मंचावर मी खोटं बोललो आणि तेव्हापासून दरवर्षी वर्गात तेच बोलतो. तू कधी भांडला नाहीस, याचाच मी राग धरला. जवानाचं ते काम मला हवं होतं. पण तुझ्या जागी मी असतो, तर नानीची पाठ वळताच बंदूक उचलली असती. तू उचलली नाहीस. तुझा हेवा अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही.

बरा हो. मग एकदा माझ्या वर्गात ये. मी मागं बसतो, तू पोरांना सांग.

तुझा,
दिगंबर"