एरंडेलाचं वंगण

उदगीर सोडून तास झाला नसेल, तोच ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढायला लागली. मागं खाटेवर माझी बायको गिरिजा आडवी होती. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा दिवस गेले होते, नववा महिना नुकताच लागला होता. बाळंतपणासाठी तिला माहेरी, धर्माबादला, पोचवायला निघालो होतो. तिच्या पायाशी माझी आई बसली होती. आम्ही तिला अव्वा म्हणतो. समोर देगलूरकडची उतरण सुरू होत होती. तोंडानं मी 'नमः शिवाय' म्हणत होतो, पण मनात भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं, कारण गाडीला काय झालंय ते मला पक्कं ठाऊक होतं. ते मीच माझ्या हातानं केलं होतं. हा अनुभव मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितला नाही. सांगायचा तर आधी स्वतःचा मूर्खपणा सांगावा लागतो, आणि माझा स्वभाव पडला हेकट.

आधी गाडीचं सांगतो. मी कापडाचा व्यापारी, पण दुकानात बसणारा नव्हे. मुखेड, उमरी, धर्माबाद असे आठवडी बाजार धरायचे आणि गठ्ठे सोडायचे. दर वेळी धर्मशाळा कुठं शोधायची म्हणून एक जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यातली बाकं काढून टाकली. आत एक खाट, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, कापडाच्या गठ्ठ्यांना फळ्या आणि एका कोपऱ्यात महादेवाचा कोनाडा. आठवड्यातले चार दिवस आमचं घर तेच. वडील गेल्यावर अव्वाही आमच्यासोबत फिरायला लागली. लोक हसायचे, 'शेठची घरमोटार आली बगा' म्हणायचे. मला त्याचा राग यायचा आणि खरं सांगतो, आतून अभिमानही वाटायचा.

ते साल दुष्काळाचं. उदगीर नुकतंच नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं. कचेरीच्या कामाला उस्मानाबादेला जायची पायाला लागलेली सवय सुटत नव्हती, आणि कागदांवर कुठं जुना जिल्हा, कुठं नवा. विहिरींना मात्र जुन्या-नव्याचा फरक नव्हता, सगळ्याच कोरड्या. पाऊस यावा म्हणून गल्लीतल्या लोकांनी महादेवाचा गाभारा पाण्यानं भरायचं ठरवलं, तेव्हा अव्वानं पिण्याच्या पाण्यातली घागर उचलून दिली. देवाच्या बाबतीत ती अशी. घरात शिळं चालायचं नाही, आणि गाडीतसुद्धा अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही.

धर्माबादला निघायच्या आठवडाभर आधी मी गाडी मिस्त्रीला दाखवली. पुढच्या चाकांतून घरघर येत होती. तो म्हणाला, बेअरिंग काढून धुवा आणि नवं ग्रीस भरा, ब्रेकचे लायनर मी बघतो. हे घरी बोललो आणि तिथंच घोटाळा झाला. शेजारच्या कुणीतरी अव्वाच्या डोक्यात भरवलं होतं की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते. अव्वा म्हणाली, "आप्पा, ज्या गाडीत मी पूजा करते, ज्या गाडीतून महादेवानं दिलेलं लेकरू चाललंय, तिच्या चाकात चरबी नको रे." तिचं ऐकणं एक वेळ ठीक होतं, चार माणसांना विचारता आलं असतं. पण माझ्यातला शहाणा जागा झाला. माझ्या आजोबांच्या बैलगाड्या उभा जन्म एरंडेल आणि काजळीच्या वंगणावर पळाल्या होत्या. चाक ते चाक, मग त्यात काय एवढं!

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "शेठ, ही मोटार हाय, छकडा न्हाई. एरंडेल तापलं की पाण्यावानी पातळ होतंय. आतून झिरपून ब्रेकवर गेलं म्हंजे काय करताव?" मी म्हणालो, "तू ग्रीस विकतोस, तू ग्रीसचंच सांगणार." एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला मी असं बोललो, याची आजही लाज वाटते. अंगणात मी स्वतः पुढची दोन्ही चाकं उतरवली, घासलेटनं बेअरिंग धुतली, घट्टसर वंगण कालवून भरलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून नट आवळले. अव्वानं चाकांना विभूती लावली. घरघर थांबली होती. गल्लीतनं एक चक्कर मारून आलो आणि गिरिजाला म्हणालो, बघ, मिस्त्री काय सांगत होता. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा बैल तर भरल्या गाडीला जुंपलेला होता.

उतरणीवर दुसऱ्या वळणाला जळका वास आला. मग उजव्या चाकाजवळून धूर दिसला. गाडी डावीकडं ओढायची, मी सुकाणू उजवीकडं धरायचो. ब्रेकचं पायडल दर वेळी आणखी खाली जात होतं. गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला, वेग थोडा कमी झाला पण गाडी थांबेना. मागून गिरिजा म्हणाली, "अहो, पोटात कळ आली." मी म्हणालो, "कमरेची असंल." खोटं बोललो. मला ठाऊक होतं आणि तिलाही. घामानं हात सुकाणूवरून घसरत होते आणि मी महादेवाशी भांडत होतो की तुझ्यासाठी चरबी टाळली, त्याचं हे फळ का? तोंडचं पाणी पळालं तरी माझी घमेंड जात नव्हती.

पुढच्या वळणावर रस्त्याकडेला दुष्काळी काम चाललेलं दिसलं. बायका खडी फोडत होत्या, एक रोडरोलर उभा होता. धूर बघून एक बाई हातोडा टाकून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवून ओरडली, "मुरमावर घाला! मुरमावर!" रस्त्याच्या कडेला मुरमाचा लांबलचक ढीग होता. मी डोळे मिटले नाहीत एवढंच, बाकी सगळं तिच्यावर सोपवून गाडी ढिगात घातली. चाकं रुतली, गाडी हिसका देऊन थांबली. मागं वळून बघितलं तर अव्वानं गिरिजाला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. दोघींना खरचटलंही नव्हतं. पण गिरिजाचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आता कळा खरंच सुरू झाल्या होत्या.

वाहन मागावं तर रस्ता ओस. त्या बाया गाडीत शिरल्या, गिरिजाला धीर देऊ लागल्या. रोलरच्या सावलीतून एक म्हातारे गृहस्थ आले. दाढी पांढरी, डाव्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. बाया त्यांना चाचा म्हणत होत्या. निजामाच्या राज्यात ते हैदराबादेला मोटारींचे फिटर होते, पुढं गावी आले, आणि त्या साली पोटासाठी खडी फोडत होते. मी घाईघाईत चाकाला हात लावायला गेलो आणि ओरडलो. उजवा तळवा चांगलाच भाजला. चाचांनी वाकून नुसता वास घेतला. "एरंडेल?" मी मान खाली घातली. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "फिकीर मत करो, बेटा. जॅक काढ."

त्यांनी सांगायचं, मी डाव्या हातानं आणि दोन बायांनी मिळून करायचं. चाक निवल्यावर ते उतरवून ब्रेकचा ड्रम काढला. आत तेलाचा नुसता चिखल झालेला, ब्रेकचे लायनर त्यात न्हालेले. पेट्रोलच्या बोळ्यानं ते पुसले, खरबरीत दगडावर घासले. बेअरिंग धुतली. त्यांच्यातले पोलादी दांडके अजून जळाले नव्हते. "अजून दोन मैल गेला असता तर चाक तुझ्या पुढं गेलं असतं," चाचा म्हणाले. मग त्यांनी रोडरोलरच्या पेटीतून ग्रीसचा डबा आणला. रोलरचा ड्रायव्हर पाणी आणायला गेला होता, त्याला मी सांगीन, म्हणाले. आणि सहज बोलून गेले, "हा रोलर इथं असायलाच न्हाई पाहिजे. निलंग्याच्या कामावर जायचा होता. कागदात जिल्ह्याचा घोळ झाला, अन् काल इथं आला." मी वळून त्या रोलरकडं बघितलं.

अव्वा गाडीतून उतरून आमच्यामागं येऊन उभी होती. तिनं डब्याकडं बोट दाखवलं. "बाबा, ह्यात चरबी असते का?" चाचांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील नसते, आणि म्हणावंच, असं मी मनोमन विनवत होतो. ते म्हणाले, "माँजी, खोटं न्हाई बोलणार. म्या बनवलं न्हाई. मला ठाव न्हाई. तुम्ही हाव म्हणाल तर भरू." गाडीतून गिरिजाचा कण्हण्याचा आवाज येत होता. आईचा नेम मोडू दे म्हणू, की बायकोचा जीव जाऊ दे म्हणू? त्या क्षणी माझ्याजवळ अक्कलही नव्हती आणि भक्तीही नव्हती. मी रस्त्यावर बसलो आणि रडलो.

अव्वानं विचारलं, "कसं भरतात?" चाचांनी सांगितलं, ग्रीसचा गोळा डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्या हातानं बेअरिंग त्यावर दाबत राहायचं, ग्रीस आतून वर येईपर्यंत. त्यांचा डावा हात हातोडा बसून फुटलेला, माझा उजवा भाजलेला. कुणी काही बोलायच्या आत अव्वानं पदर खोचला आणि डावा तळहात पुढं केला. आमच्याकडं पूजेच्या वेळी इष्टलिंग ठेवायचं ते ह्याच तळहातावर. त्या हातानं तिनं आयुष्यात उष्टं भांडं उचललं नव्हतं. "घाला," ती म्हणाली. चाचांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ग्रीसचा गोळा फार जपून तिच्या हातावर ठेवला, आणि अव्वा पुटपुटत बेअरिंग दाबू लागली. ओठांवर नमः शिवाय होतं. बाया कामं सोडून बघत राहिल्या.

उजवं चाक चढलं तशी मी निघायची घाई केली. चाचा म्हणाले, दुसरंही उघड. मी पुन्हा तापलो, "अहो, इथं जीव टांगणीला लागलाय!" अव्वा कडाडली, "गप ऐक की रे! एकदा न्हाई ऐकलंस, काय झालं बघितलंस न्हव?" मी गुमान जॅक फिरवला. शेवटी मी नट अंगच्या जोरानं आवळायला लागलो, तर चाचांनी पान्हा धरला. आधी आवळ, चाक फिरवून बघ, मग थोडा मागं सोड, म्हणाले. फार आवळलं की बेअरिंग तापून जळतं. सैल सोडायला मन धजत नव्हतं, पण सोडला. चाक हलकं फिरलं.

देगलूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वाटेत दर वळणाला ब्रेकवर पाय ठेवताना माझा श्वास थांबायचा आणि गाडी सरळ थांबायची. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघांतलं एक वाचवणं अवघड होतं. दिवेलागणीला मुलगी झाली. बारीक होती, पण असा टाहो फोडून रडली की दाराबाहेर मी मांडी घालून बसलो होतो तिथंच डोकं भुईला टेकवलं.

महिन्यानं मी मिस्त्रीकडं गेलो आणि त्याचे पाय धरले. तो बिचारा लाजून लाल झाला. मग पेढे घेऊन त्या उतरणीवर गेलो. चाचा तिथंच खडी फोडत होते. रोलर तिसऱ्याच दिवशी निलंग्याला गेला, म्हणाले. त्यांनी पेढा डोळ्यांना लावला आणि आधी अव्वाची खुशाली विचारली. हा चमत्कार होता का, यावरून मी कधी कुणाशी भांडत बसलो नाही. एवढंच कळलं की मी ज्याला श्रद्धा म्हणत होतो त्यात माझंच खरं करायचा हट्ट पुष्कळ होता. शरण जायचं म्हणजे मिस्त्रीचं ऐकायचं, खडी फोडणाऱ्या बाईच्या हाकेसरशी सुकाणू वळवायचं. त्या सगळ्यांचे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत, आणि फिटावेत असंही आता वाटत नाही.

एक शंका मात्र बरेच दिवस मनात राहिली. लेक वर्षाची झाली तेव्हा मी अव्वाला विचारलंच, "अव्वा, त्या ग्रीसमध्ये चरबी असली तर गं?"

नातीला मांडीवर थोपटत अव्वा म्हणाली, "असंल बी. जन्मभर मी हात पुढं करून म्हणत आले, महादेवा, इथं ये. त्या दिवशी त्यानं हात मागितला. त्यावर काय ठेवायचं, हे त्याला सांगणारी मी कोण?"