एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

बडनेरा रस्त्यावरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सहदेव गेटमन होता. राजापेठेच्या मागे त्याचा शेवंतीचा एक पट्टा होता आणि ती फुलं विकायला त्याची बायको पार्बताबाई बसायची. कापसाचा हंगाम लागला की सहदेव फुलं बायकोवर सोपवून गेटवर यायचा. कानावर शेवंतीचं एक फूल खोचलेलं असायचं, असं लोक सांगत. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन १९६१ साली तिथं नोकरीला लागलो, तेव्हा ते फूल नव्हतं.

जिनाला दोन गेटं होती. गाडी आत आली की गेटमन तिच्या लाकडावर खडूनं नंबर लिही आणि त्याच नंबरचा पितळी बिल्ला भिंतीतल्या पत्र्याच्या नळीत टाकी. दोन्ही गेटांच्या नळ्या पुढे एका सांध्यात मिळत आणि तिथून एकच नळी उतरत वजनकाट्यांपाशी जाई. काटेही दोनच. ज्याचा काटा मोकळा झाला तो तोलाईवाला नळीच्या तोंडातून बिल्ला घेई, नंबर ओरडे आणि त्या नंबरची गाडी पुढे येई. आधी टाकलेला बिल्ला आधी निघे, म्हणून भांडणं होत नसत.

आदल्या हंगामात चांदूर बाजारकडचे किसनराव त्या रांगेत रात्रभर थांबले होते. त्यांचा नंबर एक्केचाळीस. काट्यावरून चाळीस ओरडला गेला, मग बेचाळीस. एक्केचाळीस कोणी ओरडलाच नाही. मागच्या गाडीवानांना वाटलं माणूस झोपलाय, ते बाजूनं गाड्या काढून पुढे गेले. रांग वाहत राहिली, किसनरावांची गाडी तिथंच. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर कुणीतरी त्यांना हलवलं, तर अंग थंड पडलेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कोणी पाहिलं असतं तर...

तो बिल्ला काही सापडला नाही. मॅनेजर वामनरावांनी ठरवून टाकलं, सहदेव टाकायला विसरला. किसनरावांची बायको माणिकबाई गेटवर येऊन तेच बोलून गेली. सहदेवानं होही म्हटलं नाही आणि नाहीही. कारण त्यालाच माहीत नव्हतं. खडू, लाकूड, बिल्ला, नळी. हात रोजचाच होता. कोणता बिल्ला टाकला आणि कोणता राहिला, हे हात सांगत नाही.

"जेवता जेवता थांबते," पार्बताबाई मला म्हणाली. "मले इचारते, टाकला असन का व म्या? आता मले काय ठाव? म्या का तिथं होती?"

नव्या हंगामाआधी वामनरावांनी मला नळी तपासायला सांगितली. मी एका गेटातून बिल्ला टाकला, दुसऱ्यातून टाकला. दोन्ही खाली आले. तसं सांगायला निघालो आणि मध्येच थांबलो. गर्दीच्या दिवशी बिल्ले असे शहाण्यासारखे एकामागे एक पडत नाहीत. दोन्ही गेटांतून एकाच क्षणी पडतात, खाली दोन माणसं घाईनं ओढत असतात. तपासायचं तर तसंच तपासायला हवं. जेवढे वर टाकले तेवढेच खाली निघाले पाहिजेत, एकही दोनदा नाही. आणि नळी रिकामी झाल्यावर काहीच निघता कामा नये.

सहदेवाला हे पटलं. पण नुसते बिल्ले नकोत म्हणाला. "बिल्ले निघतीन साहेब. बिल्ल्यामागं गाडी येते का, ते पाहा लागन." ओळखीच्या गाडीवानांना त्यानं रिकाम्या गाड्या घेऊन बोलावलं आणि स्वतः चांदूर बाजारला जाऊन माणिकबाईलाही बोलावून आला. ती आली. तेच बैल, तीच गाडी.

दुपारी सुरू केलं. एका गेटावर सहदेव, दुसऱ्यावर मी. काट्यांवर मोतीराम तोलाईवाला आणि त्याचा जोडीदार. गाडी काट्यावर जाई, वळसा घालून पुन्हा गेटात येई; जुना नंबर पुसायचा, नवा घालायचा. एक्केचाळीस मात्र नव्हता. तो बिल्ला पुन्हा कोणी घडवलाच नव्हता. घडवला असता तरी कुठल्या गाडीवानानं तो नंबर घेतला नसता.

"सहदेवभाऊ," मोतीराम खालून ओरडला, "यंदा कापूस नाई, पितळच पेरलं का बाप्पा?"

गाडीवान हसले. सहदेव हसला नाही. मी हाक दिली की आम्ही दोघं एकदमच बिल्ले सोडत होतो. भिंतीच्या आतून झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखा आवाज येत राहिला. जिन बंद होतं, तरी जुन्या कापसाच्या रुईचे तंतू उन्हात तरंगत होते. गाड्या गोल फिरत होत्या, रिकाम्या, कुणाच्याच नसल्यासारख्या.

शेवटी टाकलेले सगळे बिल्ले खाली मिळाले. माणिकबाईची गाडी आपला फेरा करून निंबाखाली उभी होती आणि ती स्वतः खाली उतरून बसली होती.

"आता कोणी काही टाकायचं नाही," मी ओरडलो. "मोतीराम, तोंडाशी हात धरून थांब. काही यायला नको."

"रिकाम्या नळीतून काय येनार? भूत?"

मी माझे रिकामे हात वर केले. पलीकडे सहदेवानंही केले.

मग आवाज आला. सांध्यापासून. इतर बिल्ले धडधडत गेले होते. हा हळू येत होता. थोडा घसरे, थांबे, पुन्हा घसरे. कोणीतरी जिना चाचपत उतरावं तसा. मोतीरामच्या तळव्यावर तो पडला आणि विचार करायच्या आधीच त्याच्या सवयीच्या गळ्यानं हाक घातली,

"एक्केचाळीस!"

निंबाखालचे बैल चालू लागले. दुपारभर कितीतरी नंबर ओरडले गेले होते, हाकल्याशिवाय त्यांनी पाऊल उचललं नव्हतं. आता गाडीवर कोणी नव्हतं. संथपणे ते काट्यावर आले आणि थांबले. मोतीरामनं बिल्ला टाकून दिला आणि हात धोतराला पुसत मागे सरला.

बिल्ला काळा पडला होता, कडेला कुंकू होतं. नंतर मी सांधा उघडला तेव्हा कळलं. दर हंगामात काटापूजनाला पहिला बिल्ला तेलकुंकवात बुडवून नळीत सोडायचा, असा जिनाचा रिवाज होता. वर्षानुवर्षांच्या त्या तेलाला रुई चिकटून सांध्यात वेणीसारखा गोळा झाला होता. दोन बिल्ले एकदम आले तेव्हा एक पुढे गेला आणि दुसरा, एक्केचाळीस, त्या गोळ्यामागच्या फटीत ढकलला गेला होता. आमच्या दुपारभरच्या माऱ्यानं तो सुटला. बैलांचं मात्र मला आजवर काही सांगता येत नाही.

सहदेव गेट सोडून खाली आला होता. बिल्ला उचलून त्यानं उलटसुलट पाहिला. "टाकला होता," तो म्हणाला. "टाकला होता म्या." आणि काट्याच्या कडेवर बसला. वर्षभराचं ओझं उतरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

माणिकबाईनं बैलांची दोरी धरली. "तुमचा हात खोटा नोयता, भाऊ. म्या बोलली ते वापस घेतलं." मग बैल वळवत म्हणाली, "पन नंबर नाई आला, त मानूस काहून नाई आला, हे इतक्या लोकांतून एकानंही जाऊन पाह्यलं नाई."

ती गाडी घेऊन निघून गेली.

सांधा मी नवा करून बसवला. वामनराव रिवाज सोडायला तयार नव्हते. तेव्हा काटापूजनाच्या दिवशी सहदेवानं त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि तेलकुंकू नळीऐवजी काट्याला लावलं. त्या हंगामापासून तो मधूनमधून गेट दुसऱ्याच्या हवाली करी आणि रांगेच्या कडेनं शेवटपर्यंत चालत जाई. प्रत्येक गाडीपाशी विचारी, "जागे आहा ना बाप्पा?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नसे.

"आहो ना! झोपू त देत जा मानसाले!" गाडीवान करवादत.

शेवटची गाडी झाली की तो आणखी एक गाडीभर पुढे जाई. तिथं काही नसे, नुसती चाकोरी. तिथंही विचारी, आणि इतरांसाठी थांबे तेवढाच थांबे. एकदा मी न राहवून म्हटलं, "सहदेवभाऊ, इथं कोणाला विचारता?"

"कोनालेच नाई," तो म्हणाला. "पन इचारल्याबिगर मले कसं समजन साहेब, का इथं कोनी नाई?"