घरमालकांची हरकत

काष्टीत मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते, त्याच घरमालकांनी माझ्या शाळेतल्या पुस्तकावर हरकत घेतली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मनसोक्त रागावता तरी आलं असतं. पण मला ताप आला तेव्हा याच गृहस्थांनी पिकअप काढून दवाखान्यात नेलं होतं, आणि माझं दूध अजून त्यांच्याच गोठ्यातून येतं.

पुस्तक मुलींच्या वयात येण्याबद्दलचं होतं. ग्रंथालयाचं कपाट माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्या सातवीतल्या मुलीला ते मीच दिलेलं. त्यांनी गर्भाशयाच्या चित्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, शाळेत हेच शिकवतात का? सवयीने काही जणांनी त्यावरही हात जोडल्याचे इमोजी टाकले. मग शाळा व्यवस्थापन समिती बसली. घरमालक समितीत आहेतच. ठरलं असं, की पुस्तकं आधी पालकांनी वाचायची, मग मुलांना द्यायची. वाचायला अर्थातच कुणी फिरकलं नाही. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात गेली. मी भांडायला गेले तर ते म्हणाले, बाई, तुम्हाला त्यांच्याच घरात राहायचंय ना?

माझा जिना त्यांच्या ओट्यावर उतरतो. जाता-येता ते खुर्चीत बसलेले असतात, जेवलात का म्हणून आपुलकीने विचारतात, मी हो म्हणते आणि मला स्वतःचीच चीड येते. दुसरी खोली बघावी, तर एकट्या बाईला खोली देण्याआधी लोक जुन्या घरमालकाकडे चौकशी करतात.

परवा रविवारी दुपारी मालकीणबाई मुलीला घेऊन वर आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मुलीचे डोळे रडून सुजले होते. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती.

"पॅड दिलं मी," त्या म्हणाल्या. "पन ही इचारती, रगत कुठून येतं, मी मरनार का. मला तरी कुठं ठावं हाय? आमाला कोनी सांगितलंच न्हाई. तुमी सांगा. फक्त ह्यांना कळू देऊ नका."

पुस्तक कुलपात. मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या मागे तेच चित्र काढलं. माझी चित्रकला यथातथाच, पण दोघी वाकून बघत होत्या आणि मुलीपेक्षा आईच जास्त विचारत होती. दोन बाळंतपणं झालेली बाई चित्रावर बोट ठेवून विचारत होती, मूल इथंच ऱ्हातं का. मला गलबलून आलं, आणि संतापही आला.

तेवढ्यात खालून घरमालकांनी हाक मारून विचारलं, वर काय चाललंय.

"गनित शिकवत्यात बाई," मालकीणबाईंनी खिडकीतून सांगितलं.

"शिकवा, शिकवा. लई कच्ची हाय ती."

मालकीणबाईंनी खिडकी ओढून घेतली. माझ्याकडून तो कागद मागून घेतला, त्याचे बारीक तुकडे केले आणि पदराच्या गाठीत बांधले. दाराशी थांबून मुलीला बजावलं, "तुज्या अप्पांनी इचारलं तर म्हनायचं, अपूर्णांक."

मुलीने मान हलवली. मीही हलवली.