कुंपणातली वाट कोणी बुजवली?

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून तुम्हालाच सांगते.

आज कोहमाऱ्याला एका लग्नात शेवंता भेटली. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास दवनीवाड्यात आमची घरं शेजारी होती. मधे काट्यांचं कुंपण, त्यात जायला-यायला वाट. रोज सकाळी मी गोवरी घेऊन त्या वाटेनं जायची आणि तिच्या मायकडून आमच्या चुलीसाठी विस्तव आणायची. आगपेटी घरात असायची, पण रीतच तशी होती. तिथंच भात खायची, मीही तिला मायच म्हणायची.

एक दिवस वाट काट्यांनी बंद! आई म्हणाली, "त्याइनंच बुजवली. तुले अपशकुनी म्हनतेत."

मी सात वर्षांची. त्या दिवसापासून शेवंताशी बोलणं टाकलं. पुढे तिची माय वारली. रडणं आमच्या अंगणात ऐकू येत होतं, तरी मी गेले नाही.

आज विचारलंच, "काऊन बुजवली होती वं वाट?"

ती म्हणाली, "आमी? काट्या तुह्या आईनं टाकल्या. तू मह्या मायले माय म्हने, थे तिले खपे नाही. माय त किती दिवस, तू येशीन म्हनून, राखेत विस्तव दाबून ठेवे."

सत्तर वर्षं मी शेजाऱ्यांना दगाबाज समजत आले. दगा तर माझ्याच घरात शिजला होता.

आईच्या फोटोपुढे रोज संध्याकाळी दिवा लावते. आज काडी ओढली आणि हातातच विझू दिली.

तुम्ही लावला असता?