उन्हाळ्याच्या सुट्टीचं सामान

तिच्या तिकिटावर दोन बॅगा न्यायची परवानगी होती, आणि त्या दोन्ही बॅगांत तिचं स्वतःचं एक फडकंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, जाऊ दे आता. का म्हणून जाऊ दे?

ती माझ्या भावाची मुलगी. भूकंप झाला तेव्हा साडेतीन वर्षांची होती. भाऊ आणि वहिनी गावातल्या घराखाली गेले. ही वाचली, कारण गणपतीत भाऊ तिला घेऊन लातूरला आला तेव्हा मी तिला ठेवून घेतलं होतं. मला मुलगी नाही. राहू दे चार दिवस, मी म्हणाले. त्या चार दिवसांची अडीच वर्षं झाली. माझ्या कुशीत झोपायची, माझ्या हातूनच वेणी घालून घ्यायची, आणि कुणी काही सांगितलं की माझ्याकडं बघायची. मी मान हलवली तरच ते खरं.

वहिनीचा भाऊ, म्हणजे तिचा मामा, अमेरिकेत होता. त्यांना मूल नव्हतं. त्यानं पत्र लिहिलं की बहिणीची एवढीच खूण उरली आहे, ती आम्ही दत्तक घेतो. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मला उघड भांडता आलं असतं.

आमचे हे तेव्हा एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे. भूकंपानंतर भिंतीला भिऊन वर्षभर अंगणात झोपलेली माणसं आता घरावर मजले चढवत होती, कारण बाहेरगावची पोरं शिकायला लातुरात यायला लागली होती. मुखेडची, देवणीची, कुठली कुठली. आमच्याकडंही गच्चीवर पत्र्याच्या तीन खोल्या झाल्या होत्या आणि जूनपासून खालची एक खोली द्यायचं घाटत होतं. ती खोली पोरीची आणि माझी होती.

मामा सुट्टीवर आला, बैठकीत पुरुष बसले. मी चहा दिला. दुसऱ्यांदा चहा घेऊन गेले तोवर ठरलेलं होतं. "पोरीचं कल्याण होईल," हे म्हणाले. "इथं काय, रात्रंदिवस घोकंपट्टी." हेच सकाळी सहापासून दुसऱ्यांच्या पोरांकडून घोकून घेत होते. माझं काय म्हणणं आहे ते त्यांनी विचारलं, नाही असं नाही. कोर्टात सही करून आल्यावर विचारलं.

कागदपत्रांत वर्ष गेलं आणि नेमका मे महिना उजाडला. मग सगळ्यांना एक युक्ती सुचली. मे महिन्यात पोरं मामाकडं जातात. गल्लीतली सगळी जातात आणि शाळा उघडायच्या आत आंबे खाऊन, काळी होऊन परत येतात. हिलाही तेच सांगितलं, की तू मामाकडं चाललीस सुट्टीला. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मामाचं गाव जरा लांब आहे, विमानानं जावं लागतं, एवढंच.

मी महिनाभर भांडले. "तिला खरं सांगा," म्हणाले. "कळतं तिला. आईबाप गेले तेही मीच सांगितलं होतं, काय झालं? रडली आणि मग जेवली." हे म्हणाले, "तुला उगं वाढवून सांगायची सवय हाय. तिकडं गेली की रमंल." घरात मी एकटी खरं बोलणारी आणि मीच भांडकुदळ ठरले.

तिनं आपली बॅग आपण भरली. दोन फ्रॉक, सागरगोटे, शेजारच्या मुलीनं दिलेली टिकल्यांची पाकिटं. आणि दप्तर. दुसरीची पुस्तकं आणून आम्ही दोघींनी त्यांना खाकी कव्हरं घातली होती. परत आल्या आल्या शाळा, म्हणून दप्तर संगं, असा तिचा हिशेब. मी कपाटापाशी उभी राहून बघत होते. मी मनाला सांगितलं, नांदेडला सांगू. नांदेडला नक्की सांगू.

नांदेडला मामीचं माहेर; मामा-मामी तिथं उतरले होते आणि पोरीला तिथूनच नेणार होते. मामीच्या वडिलांचं मोंढ्यात धान्याचं दुकान. आम्ही एसटीनं पोचलो तर बैठकीत धान्याचा वजनकाटा आणून ठेवलेला आणि बाजूला सामानाचा ढीग: काळा मसाला, मेतकूट, कुरडया, लोणच्याच्या बरण्या, कुकरच्या रिंगा, पुरणयंत्र. मामा-मामीच्या चार बॅगा आधीच गच्च झाल्या होत्या. उरल्या होत्या पोरीच्या वाट्याच्या दोन. ती अंगणात खेळायला गेली आणि मामीच्या आईनं तिची बॅग उघडली. बॅग काट्यावर ठेवायची, वजन जास्त भरलं की पोरीचं काहीतरी बाहेर काढायचं. फ्रॉक गेले, सागरगोटे गेले. मसाल्याला कुणी हात लावला नाही.

"ताई, तिकडं कपडे लई मिळतात," मामीची आई मला म्हणाली. "उगं वजन कशाला?"

"मग पोरीच्याच बॅगेत का?" मी म्हणाले. "ही तिची बॅग हाय का तुमच्या दुकानातलं पोतं? पोरगी नेऊन राहिले तुम्ही का तिच्या तिकिटावर किराणा नेऊन राहिले?"

मामी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तिच्या कानावर जाईल. आम्ही तिकडं गेल्यावर सावकाश सांगू ना."

तेवढ्यात पोरगी दारात. पायाला माती, हातात कच्ची कैरी. तिनं जमिनीवर काढून ठेवलेलं दप्तर बघितलं.

"माझं दप्तर का काढलं?"

"मामा तिकडं नवं घेणार हाय तुला," मामीची आई म्हणाली.

"पण शाळा तर लातूरला हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पोरीनंही बघितलं.

"आत्या, मी परत येणार न्हाई का?"

महिनाभर जिच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, ती वेळ ही. एक शब्द बोलायचा होता. मला तिच्या रडण्याची भीती नव्हती. तिनं माझा पदर धरला असता आणि तो मला सोडवून घ्यावा लागला असता, ते मला झेपणार नव्हतं. मी सगळ्यांना भित्रे म्हणत होते, त्यांच्यात सगळ्यात भित्री मीच निघाले.

"येणार की," मी म्हणाले. "शाळा उघडायच्या आत येशील."

"नक्की?"

मी मान हलवली.

ती कैरी चावत परत खेळायला पळाली. मामीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमचे उपकार झाले, ताई." तो हात मी असा झटकला की ती मागं सरकली. पण झटकून काय उपयोग? काम तर मी तिचंच करून दिलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेहून फोन आला. ती यांच्याशी बोलली. शेजारची मैत्रीण आली होती, तिच्याशीही बोलली. आइस्क्रीमची गाडी येते, कुत्रा आहे, असं काय काय. मग मी हातात फोन घेतला. पण पलीकडून मामाचा आवाज आला. फार ओशाळून म्हणाला, "ताई, तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते."

यांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, झोपली.