जोडप्यांच्या पर्सेस
सरोजिनी नगरच्या बाजारात टांगलेल्या पर्सेस उन्हात तापल्या की त्या रेक्झिनच्या वासानं माझं डोकं अजूनही भणाणतं. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी आईला आमच्या चर्चच्या ग्रुपबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला नेलं होतं. येशूनं लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावात यात्रेकरू जोडपी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात. बाबांना ते फार करायचं होतं, म्हणून आई त्यांची अंगठी रुमालात बांधून घेऊन आली होती. पण आमच्या पाळकांच्या बायकोनं तिला तिथल्या चर्चच्या दारातच अडवलं. "आंटीजी, आप तो अकेली हैं, बाहर बैठकर सबके पर्स सँभाल लीजिए," ती गोड हसत म्हणाली, आणि बघता बघता उन्हातल्या बाकावर बसलेल्या आईच्या मांडीवर पर्सेसचा ढीग झाला. मी उसळले, तर आई म्हणाली, "राहू दे गं, देवाच्या दारात भांडण नको." आतून शपथांचे आवाज येत होते आणि आई तो रुमाल मुठीत धरून नुसते ओठ हलवत होती. सगळे बाहेर आले. त्या बाईनं आपली पर्स उचलली, चेन उघडली आणि आत सगळं जागेवर आहे ना, ते आईच्या डोळ्यांदेखत बघून घेतलं. आई आता नाही. ती बाई मात्र दर रविवारी उपासनेत सगळे एकमेकांशी हात मिळवतात तेव्हा "शांती असो" म्हणत माझ्यापुढे हात करते, आणि मी माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवते.