घोट उतरेपर्यंत

आमच्या मोठ्या जाऊबाईंना अख्खी कॉलनी ‘वहिनी’ म्हणते. एकदा वहिनी म्हटलं की काम सांगायला मोकळे! मी ताई म्हणते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि ताईंचं शिलाई कारखान्यातलं कटिंगचं काम सुटलं. मी दिवसभर दुकानात, दोघे भाऊ नोकरीवर. मग उरलं कोण? कारखान्याच्या बाईंनी ताईंची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती, पुढे नाही.

म्हणून ताई कॉलनीच्या समितीवर निवडून आल्या आणि एकच धोशा लावला: तळमजल्याचा रिकामा हॉल दिवसा आजारी-म्हाताऱ्यांना द्या, सांभाळायला घरटी पाळ्या लावा. अध्यक्षांना तिथे गाड्या लावायच्या होत्या.

“वहिनी, हा तुमचा घरगुती प्रश्न. समितीत सार्वजनिक विषय येतात.”

ऐका! गाडी सार्वजनिक आणि सासू घरगुती!

मतदान ठेवलं तेही नेमकं सासूबाईंना भरवायच्या वेळेला, आणि मान धरून भरवणं मला एकटीला जमत नाही. “जा की, तुला कोण अडवतंय?” असं ताईंना त्यांच्या नवऱ्यानं सुनावलं आणि दोघे भाऊ बाहेर सटकले. धन्य आहे! शेवटी आम्ही दोघींनी सासूबाईंची चाकाची खुर्चीच ढकलत सभेला नेली. ताईंनी ती कुणाला न विचारता आत घातली. मी सदस्य नाही म्हणून मला मात्र दारातच अडवलं.

हात मोजले. हॉलच्या बाजूने पाच, विरुद्ध पाच. बरोबरी राहिली तर अध्यक्ष म्हणतील ते. मत उरलं ताईंचं, आणि ताईंचा एक हात सासूबाईंच्या मानेखाली, दुसऱ्यात चमचा. सासूबाईंच्या तोंडात घोट तसाच होता. मान सुटली की ठसका, आणि गेल्या ठसक्याला दवाखाना गाठावा लागला होता.

“वहिनी, हात वर करा. नाहीतर मत धरणार नाही.”

“घोट उतरू दे.”

“सभा कुणासाठी थांबत नाही.”

मघाशी चहासाठी बरी थांबली होती मेली!

“मग तुम्ही या,” ताई कडाडल्या, “आणि मान धरा!”

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. काय करतील बापडे? आले, वाकले, दोन्ही हातांनी मान धरली. ताईंनी चमच्यासकट हात वर केला. सहा!

“झालं ना? सोडू?”

“खबरदार! अजून घोट उतरलेला नाही.”

अध्यक्ष वाकलेले तसेच राहिले. सासूबाईंनी आपल्या सवडीनं गिळलं, आणि तोवर अख्खी सभा थांबली.